घसरण आणि पकड : व्यायामसाधनांच्या नावांतून दिसणारा त्यांच्या घडणीचा इतिहास

अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातील गोठलेल्या तळ्यांचा बर्फ १८३३ साली जहाजाने कलकत्त्यास आला आणि त्यानंतर लवकरच तो मुंबईच्या बंदरातही उतरू लागला. बॉस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने हा व्यापार उभारला. तळ्यांवरील बर्फाचे एकसारखे ठोकळे घोड्यांनी ओढावयाच्या कर्तनयंत्राने कापीत, ते लाकडाच्या भुशात रचीत आणि चार महिन्यांच्या प्रवासानंतर जे काही वितळावाचून उरेल ते विकीत. मुंबईत तो साठविण्यासाठी गोदीजवळ स्वतंत्र बर्फघर बांधावे लागले. हेन्री डेव्हिड थोरो याने १८५४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘वॉल्डन’ या ग्रंथात आपल्या तळ्याचे पाणी मद्रास, मुंबई व कलकत्ता येथील लोकांच्या ओठी लागत असल्याची नोंद कौतुकाने केली आहे.

या व्यापारातील एक गोष्ट मात्र सहसा ध्यानात घेतली जात नाही. ज्या तळ्यांवरून हा बर्फ निघे, त्या तळ्यांकाठच्या लोकांना तो हिवाळ्यातील वाट आणि क्रीडांगण होता. मुंबईस तो आला तो मात्र भूमी म्हणून नव्हे, जिन्नस म्हणून. मराठी भाषेने हा भेद नेमका टिपला आहे. ‘बर्फ’ हा शब्द फारसी. त्या भाषेत त्याचा अर्थ भुरभुरणारे हिम एवढाच असून गोठलेल्या पाण्याला ‘यख’ हा वेगळा शब्द आहे. मराठीने दोन्ही अर्थ एकाच शब्दात घातले, कारण त्या दोहोंना वेगळे करण्याची गरज येथील जीवनात कधी पडली नाही. शिवाय बर्फाशी जोडली जाणारी मराठी क्रियापदे पाहावीत : बर्फ फोडतात, किसतात, घालतात, चोखतात, सुजेवर लावतात. बर्फावरून जाण्याचे क्रियापद या मालिकेत नाही. वस्तूशी असलेले समाजाचे नाते तिच्या क्रियापदांवरून ओळखता येते, ते असे.

व्यायामसाधनांच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडतो काय, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न होय. त्यासाठी दोन साधने निवडली आहेत : गोठलेल्या तळ्यावरून घसरत जाण्यासाठी उत्तर युरोपने घडविलेले स्केट, आणि महाराष्ट्राने घडविलेला व मुंबईच्या दादरसारख्या भागात आजही नांदत असलेला मलखांब. वरवर पाहता दोहोंत काहीच साम्य नाही. परंतु दोन्ही साधने घडविणाऱ्यांपुढील मूळ अडचण एकच होती; शरीर एका दिशेने सहज घसरले पाहिजे आणि दुसऱ्या दिशेने पक्के धरले गेले पाहिजे. घसरण आणि पकड यांचा हा मेळ कसा साधत गेला, याची लिखित साधने तुटपुंजी आहेत. नावे मात्र शिल्लक आहेत.

प्रथम स्केट. उत्तर युरोपात सापडणारी सर्वांत जुनी स्केट्स लोखंडाची नसून हाडांची आहेत. घोड्याच्या किंवा गाईबैलांच्या पायाचे लांब हाड घेऊन त्याची एक बाजू सपाट करीत व ते पायाखाली बांधीत. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम फिट्झस्टीफन याने लंडनचे वर्णन करताना शहराच्या उत्तरेकडील गोठलेल्या पाणथळीवर तरुण मंडळी अशी हाडे बांधून, लोखंडी टोकाच्या काठ्यांनी बर्फाला रेटा देत वेगाने जात असल्याचे लिहिले आहे. काठीचा हा उल्लेख महत्त्वाचा आहे. हाड उत्तम घसरते, पण त्याला धार नसल्यामुळे बर्फात रुतत नाही. पायाने रेटा देऊ गेल्यास पायच निसटतो. म्हणून घसरण पायांकडे आणि पकड हातांतील काठीकडे, अशी कामाची वाटणी झालेली होती.

तेराव्या-चौदाव्या शतकांच्या सुमारास नेदरलंड्समध्ये लाकडी तळव्यात लोखंडी पाते बसविण्याची रीत आली. पाते लांबीच्या दिशेने घसरते आणि आडव्या दिशेने बर्फ धरते. दोन्ही गुण एकाच वस्तूत आल्यावर काठी निरुपयोगी झाली, हात मोकळे झाले आणि एका पायाने तिरका रेटा देऊन दुसऱ्यावर तोलण्याची गती जन्मास आली. स्कीडाम येथील संत लिडविना हिच्या १४९८ साली छापलेल्या चरित्रातील काष्ठचित्रात बर्फावर पडलेल्या लिडविनेच्या मागे असाच एक पुरुष दिसतो. त्याच्या हाती काठी नाही, हे चित्रकाराने सहज नोंदविलेले सत्य इतिहासकाराच्या दृष्टीने मोलाचे ठरते.

आता या साधनाची नावे पाहावीत. स्वीडिश भाषेत हाडाच्या स्केट्सना ‘इसलेग्गोर’ म्हणतात, म्हणजे ‘बर्फाची नडगी’. जुन्या आइसलँडिक भाषेतील नावही याच घटकांचे आहे. लोखंडी साधनाला मात्र स्वीडिशने ‘घसरण्याचा जोडा’ अशा अर्थाचे निराळे नाव दिले. वस्तू बदलली तसे नाव बदलले. डच भाषेतील ‘स्खात्स’ हा शब्द मात्र जुन्या फ्रेंचमधील, ज्याचा अर्थ ‘पायाखाली बांधावयाची उंच काठी’ असा होता, त्यापासून आला; पाय उंचावणाऱ्या साधनाचे नाव पाय घसरविणाऱ्या साधनास मिळाले. सतराव्या शतकात इंग्रजीने हा शब्द उचलताना त्याच्या अंती असलेला सकार अनेकवचनाचा समजला आणि तो वगळून ‘स्केट’ हे एकवचन बनविले. मराठीत आज रूढ असलेला शब्द हा अशा एका गैरसमजाचा वारस आहे. जर्मन भाषेत आधीचे नाव ‘श्रिटशू’, म्हणजे पाऊल टाकण्याचा जोडा, असे होते; पुढे घसरगाडीवाचक शब्दाच्या आकर्षणाने त्याचे ‘श्लिटशू’ झाले. रशियन नाव ‘कोन्की’ म्हणजे लहान घोडे. स्केटच्या पुढील टोकाला घोड्याच्या मस्तकाचा आकार देत, त्याची ती आठवण.

पुढील काळातील सुधारणा यंत्रविद्येच्या होत. १८५० च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या ई. व्ही. बुशनेल याने चामडी पट्ट्यांऐवजी चापाने बुटास घट्ट बसणारे संपूर्ण पोलादी स्केट तयार केले. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात ॲम्स्टरडॅमच्या फ्री विद्यापीठातील खेरित यान फान इंगेन स्खेनाउ व त्यांचे सहकारी यांनी पात्याचा मागील भाग बुटापासून सुटा ठेवून पुढे बिजागरी बसविली. टाच उचलली तरी पाते बर्फावर क्षणभर अधिक टेकून राहते आणि रेटा पूर्ण मिळतो. पाते परत बुटावर आपटण्याच्या आवाजावरून त्याला डचमध्ये ‘क्लापस्खात्स’ हे नाव पडले. प्रारंभी शर्यतपटूंनी त्याकडे पाठ फिरविली. परंतु १९९६-९७ च्या हंगामात डच महिलांनी ते पायी चढविले आणि १९९८ च्या नागानो येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याने जुने विक्रम मोडीत काढले.

सारांश, स्केटचा एकच जनक कोणी नाही. हाड, काठी, पाते, चाप आणि बिजागरी अशा टप्प्यांनी ते घडले, आणि त्यांतील बहुतेक टप्प्यांची खूण कोणत्या ना कोणत्या भाषेतील नावात उरली.

मलखांबाच्या बाबतीत परंपरा मात्र एक जनक सांगते. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेले बाळंभटदादा देवधर यांनी, दरबारात आव्हान देणाऱ्या पहिलवानांशी झुंजण्यापूर्वी वणीच्या सप्तशृंगीस जाऊन उपासना केली आणि तेथे त्यांना खांबावरील ही विद्या साध्य झाली, अशी कथा आहे. बाळंभटदादांनी या विद्येचा प्रसार केला व त्यांच्या शिष्यपरंपरेने ती उत्तरेत नेली, हे मान्य करण्यास अडचण नाही. अडचण आहे ती जनकत्वाची. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावे असलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लांच्या व्यायामप्रकरणी मल्लस्तंभाचा निर्देश येतो. अर्थात नाव सापडले म्हणजे आजचे साधन जसेच्या तसे सापडले, असे समजणे अशास्त्रीय होईल. निष्कर्ष एवढाच निघतो की, मल्लाने खांबाशी मेहनत करावी ही कल्पना पेशवाईच्या बरीच आधीची आहे. बाळंभटदादांचे कार्य नवनिर्मितीपेक्षा पुनर्घटनेचे असावे.

या निष्कर्षाला अधिक भक्कम पुरावा साधनाच्या अवयवांची नावे देतात. जमिनीत पुरलेला, सागवानी किंवा शिसवी, जमिनीवर सुमारे अडीच मीटर उंच आणि वर निमुळता होत जाणारा हा खांब. त्याच्या जाड भागाला ‘अंग’, वरच्या बारीक भागाला ‘मान’ आणि टोकाच्या गोळ्याला ‘बोंड’ म्हणतात. खांबाला अंग आणि मान का असावी? कारण तो मुळात प्रतिस्पर्धी मल्लाच्या जागी उभा आहे. ‘पकड’, ‘बगली’ ही कृतींची नावे त्याच झुंजीच्या मुलखातील होत. याउलट ‘वेल’, ‘सुईदोरा’, ‘ताजवा’, ‘फरारा’ या नावांत मल्ल नाही. त्यांत झाडावरून उतरणारी वेल, सुईत ओवलेला दोरा, तराजू आणि फडकणारे निशाण आहे. नावांचे हे दोन थर साधनाच्या दोन अवस्था दाखवितात : एक कुस्तीच्या पूर्वतयारीची, दुसरी स्वतंत्र कसरतीची.

स्केटप्रमाणे येथेही घसरण व पकड यांचा मेळ आहे. खांबाला एरंडेल चोळतात, म्हणजे उघड्या कातडीला घर्षण सोसते आणि अंग खांबावरून फिरू शकते. पकडीचे काम मांड्या, पोटऱ्या आणि बगल यांच्याकडे जाते. हिमप्रदेशात निसर्गाने निसरडी भूमी दिली व कारागिराने पकड शोधली. महाराष्ट्रात लाकडाने पकड दिली व माणसाने तेलाने निसरडेपणा आणला.

या साधनाचा सर्वांत बोलका पुरावा मात्र ‘दोरीचा मलखांब’ हा शब्दप्रयोग होय. दोरी हा खांब नव्हे. पूर्वी छताला जाड वेत टांगून त्यावर कसरत करीत. तो ‘वेताचा मलखांब’. पुढे वेताची जागा सुती दोरीने घेतली. येथे पकडीची रीतही बदलली : मांडीची मिठी सुटून दोरी पायाच्या अंगठ्यात व त्याशेजारच्या बोटात धरली जाऊ लागली. साधनाचा आकार, द्रव्य आणि पकड अशी तिन्ही अंगे पालटली, तरी ‘खांब’ हे पद टिकून राहिले. कोणतीही बखर उपलब्ध नसती, तरी केवळ या नावावरून दोरी ही खांबाची उत्तराधिकारी आहे हे सिद्ध करता आले असते.

मुंबईत या साधनाला जे स्थान मिळाले, त्याचा विचार शहराच्या रचनेपासून वेगळा करता येत नाही. १८५४ साली कावसजी दावर यांनी कापडगिरणीचा उद्योग आरंभिला, त्यानंतर परळ-लालबागचा परिसर गिरण्यांनी व चाळींनी भरून गेला. गिरगावची वस्तीही तितकीच दाट होती. अशा वस्तीत मैदान दुर्मिळ. मलखांबाला लागते ती दोन पावलांची भूमी आणि वरची उंची, त्यामुळे तो दाट वस्तीतील व्यायामशाळेलाही परवडणारा होता. दादरला शिवाजी पार्क येथे १९२५ साली प्र. ल. काळे गुरुजींनी श्री समर्थ व्यायाम मंदिराची स्थापना केली. त्याच संस्थेतील उदय देशपांडे यांना या क्षेत्रातील कार्यासाठी २०२४ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी दृष्टिहीन मुलांनाही दोरीचा मलखांब शिकविला. भाषाभ्यासकाने या गोष्टीची विशेष दखल घ्यावी. जेथे पाहून शिकणे शक्य नाही, तेथे स्पर्शाबरोबर कृतीचे नाव हेच शिक्षणाचे माध्यम ठरते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साधन स्पर्धेच्या चौकटीत आले. १९५८ साली राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धांत त्याचा समावेश झाला, १९८१ मध्ये त्याची स्वतंत्र अखिल भारतीय स्पर्धा उज्जैन येथे भरली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये पहिली जागतिक स्पर्धा शिवाजी पार्कवर झाली. स्पर्धा म्हटली की खांबाची जाडी, मानेची लांबी आणि गुणदानाचे नियम सर्वत्र सारखे करावे लागतात. त्याबरोबरच ‘पुरलेला’, ‘टांगता’ आणि ‘दोरीचा’ या विशेषणांच्या जागी ‘पोल’, ‘हँगिंग’ आणि ‘रोप’ हे शब्द ऐकू येऊ लागले आहेत. परदेशातील खेळाडूंशी बोलताना ते अपरिहार्य आहेत व त्यात खेद मानण्याचे कारण नाही. तथापि या भाषांतरात काय गळते, हे जाणून घ्यावयास हवे. ‘रोप’ म्हटल्याने दोरी कळते, पण तिच्या मागचा वेत, वेतामागचा खांब आणि खांबामागचा मल्ल कळत नाही.

स्केटच्या अभ्यासकांना जमिनीत पुरलेली हाडे तरी मिळाली. लाकूड कुजते, वेत मोडतो, दोरी झिजून टाकून दिली जाते. त्यामुळे मलखांबाच्या जुन्या रूपांचा अवशेष हाती लागण्याची आशा फारशी नाही. आबासाहेब मुजुमदार यांनी बडोद्याहून संपादिलेल्या ‘व्यायामज्ञानकोशा’ने या विषयाची पायाभरणी करून ठेवली आहे. त्यातील संज्ञा घेऊन दादर, परळ, लालबाग व गिरगाव येथील वस्तादांच्या तोंडी आज कोणती रूपे आहेत, कोणती गेली आणि कोणती नवी आली, याची गावनिहाय व शाळानिहाय नोंद करणे हे पदव्युत्तर संशोधनाच्या आवाक्यातील काम आहे. ज्या साधनाचा बहुतांश इतिहास केवळ बोलण्यात शिल्लक आहे, त्याच्या बाबतीत बोलणाऱ्यांची एक पिढी निघून जाणे म्हणजे दप्तरखाना जळण्यासारखेच होय.