पस्तिशीनंतर गर्भ पडला, तर पुन्हा कधी?

जळकोटसारख्या गावात बाईचा गर्भ पडला की घरात लगेच दोन सल्ले मिळतात. कुणी म्हणतं, "वर्षभर थांबा." कुणी म्हणतं, "वय चाललंय, घाई करा." वय पस्तीसच्या पुढे असेल तर बाई या दोन्हींत अडकते. म्हणून माहिती इथे एकत्र देत आहोत.

दोष कुणाचा?
पहिल्या तीन महिन्यांत पडलेल्या गर्भांपैकी सुमारे निम्म्यांत गुणसूत्रांची गडबड असते. वयानुसार ती वाढते. पंचविशी-तिशीत साधारण १० पैकी १ गर्भ पडतो, चाळिशीत जवळपास ३ पैकी १. घरकाम केलं किंवा नजर लागली म्हणून गर्भ पडत नाही. सुनेला बोल लावू नये.

किती थांबायचं?
जागतिक आरोग्य संघटनेचा जुना सल्ला सहा महिन्यांचा होता. नंतरच्या अभ्यासांत लवकर दिवस गेल्याने नुकसान दिसलं नाही. रक्तस्राव थांबून एक पाळी येऊन गेली आणि मन तयार असेल, तर डॉक्टरांना विचारून प्रयत्न करता येतो. द्राक्षगर्भ किंवा नळीतला गर्भ असेल, तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढं थांबावंच लागतं. दोन आठवड्यांतही पुन्हा दिवस जाऊ शकतात. इतक्यात नको असेल तर साधन वापरा.

आधी काय करायचं?
हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉइड, बीपी तपासा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर गर्भ पडल्यावर अँटी-डी इंजेक्शनबद्दल लगेच विचारा. ते ७२ तासांच्या आत द्यायचं असतं. फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी महिनाभर आधीपासून रोज घ्या. नवऱ्याने तंबाखू-गुटखा सोडावा, वीर्यतपासणीला लाजू नये. दोनदा गर्भ पडला असेल तर दोघांची तपासणी हवी. नात्यात लग्न झालं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

कुठे, कधी जायचं?
पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत, तर वर्ष पुरं होण्याची वाट बघू नका. चाळिशीनंतर तर आधीच जा. सुरुवात गावातल्या सरकारी दवाखान्यातून करा, पुढे उदगीर किंवा लातूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. दिवस गेल्यावर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी होते.

दुआ करा, पण दवा चुकवू नका. आणि दवाखान्यात बाईला एकटीला पाठवू नका.