उपग्रहाला न दिसणारं जंगल: लोकसहभागातून नकाशा म्हणजे काय?

उपग्रहाच्या चित्रात जंगल हिरवं दिसतं. पण उन्हाळ्यात पाणी कुठे टिकतं, देवराईची हद्द कुठवर, हे गावालाच माहीत असतं. गावकरी जीपीएस घेऊन जंगलात फिरतात आणि अशा जागा नकाशावर नोंदवतात. यालाच लोकसहभागातून नकाशा तयार करणं म्हणतात.

वनहक्क कायदा, २००६ नुसार सामूहिक वनहक्काचा दावा करताना हा नकाशा कामी येतो. ज्येष्ठांचा लेखी जबाबही पुरावा ठरतो. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार उपग्रह चित्र फक्त पूरक पुरावा आहे. त्याच्या जोरावर इतर पुरावे डावलता येत नाहीत.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला की जंगल राखण्याचा आराखडा ग्रामसभा करते. झाडांची शास्त्रीय मोजणी नकाशाशी जोडली, तर बांबू कुठे तोडायचा आणि कुठे वाढू द्यायचा, हे ठरवता येतं.