गरोदरपणातील स्थूलता : आहार व व्यायाम

गर्भधारणेच्या वेळी ज्या स्त्रीचा शरीरभारांक (किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) ३० किंवा अधिक असतो, तिला जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार स्थूल मानतात. भारतीय तज्ज्ञांनी ही रेषा २५ वर आणली आहे. म्हणजे १५५ सेंमी. उंचीच्या स्त्रीचे वजन ७२ किग्रॅ. होण्याची वाट न पाहता ६० किग्रॅ.लाच सावध व्हावे. यामागचे कारण पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्या एका छायाचित्रामुळे जगाला ठाऊक झाले. २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ते छापून आले. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या या दोघांचा शरीरभारांक सारखाच, २२.३ होता, पण अंगातला मेद युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाला. काट्यावर बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून तसा असेलच असे नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के स्त्रियांचा शरीरभारांक २५ किंवा त्याहून जास्त आढळला. अशा स्त्रीला गरोदरपणातील मधुमेह, उच्च रक्तदाब, शिरांत रक्ताच्या गुठळ्या होणे आणि सिझेरियन यांचा धोका अधिक असतो. बाळ फार मोठे होऊन प्रसूतीत खांदा अडकण्याची शक्यताही वाढते.

उपाय म्हणून गरोदरपणात वजन उतरवायला घेणे मात्र चुकीचे. उपासमारीने बाळ खुरटते. वजन वाढू द्यायचे, पण मोजून, असे आजचे धोरण आहे. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ साली दिलेल्या तक्त्याप्रमाणे शरीरभारांक ३० च्या पुढे असल्यास नऊ महिन्यांत ५ ते ९ किग्रॅ., आणि २५ ते ३० च्या दरम्यान असल्यास ७ ते ११.५ किग्रॅ. वाढ पुरेशी आहे. हिशेब साधा आहे. तीन किलोचे बाळ, अर्ध्या-पाऊण किलोची वार, किलोच्या आसपास गर्भजल, तेवढेच वाढलेले गर्भाशय आणि दीडेक किलो जादा रक्त मिळून सातच्या आसपास बेरीज होते. चरबीची नवी पुंजी यात धरलेलीच नाही, कारण ती आधीपासून शिल्लक असते.

‘आता दोन जिवांचं खायला हवं’ हे वाक्य गरोदर बाईला सासरी-माहेरी रोज ऐकावे लागते. दुसरा जीव किती खातो ते पाहू. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे चौथ्या महिन्यापासून दिवसाला सुमारे ३५० किलोकॅलरी जादा लागतात. म्हणजे साधारण एक ज्वारीची भाकरी, वाटीभर उसळ आणि पेलाभर दूध. पहिल्या तीन महिन्यांत तेवढेही नाही, आणि अंगात मेदाचा साठा असलेल्या स्त्रीला ही भर पूर्ण लागतेच असे नाही. तिला अधिक लागतात ती प्रथिने, लोह, कॅल्शियम आणि फोलिक ॲसिड. त्यामुळे ताटाचा आकार तोच ठेवून त्यातली वाटणी बदलावी : भाताची मूद लहान, वरण दाट, पालेभाजी दुप्पट, कोशिंबीर रोज, ताक बिनसाखरेचे. तीन मोठ्या जेवणांतले थोडे काढून मधल्या वेळच्या फुटाण्यांना किंवा अंड्याला द्यावे.

उपवासाचा विषय महाराष्ट्रात टाळता येत नाही. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. तूप, बटाटा घालून केलेली त्याची खिचडी चतुर्थीला दोनदा खाल्ली की रक्तातली साखर भराभर चढते. व्रत मोडायचे नसेल तर राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी आणि दही हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. डोहाळजेवणातील पंचपक्वान्नांनी काही बिघडत नाही, ते एका दिवसाचे असते. वजन वाढते ते रोजच्या चहातल्या साखरेने आणि त्यासोबतच्या खारी-बिस्किटांनी.

व्यायामाबाबत जागतिक आरोग्य संघटना गरोदर स्त्रियांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची शिफारस करते. सवय नसलेलीने जेवणानंतर दहा मिनिटे चालण्यापासून सुरुवात करावी. वेग योग्य आहे का हे ओळखायला यंत्र नको : चालताना बोलता आले पाहिजे, गाणे म्हणता येऊ नये. गुडघे दुखत असतील तर पाण्यात चालणे किंवा पोहणे चांगले. ‘दिवसभर घरकाम करतेच की’ हे उत्तर सर्रास मिळते. पण ओट्याशी तासन्‌तास उभे राहण्याने पाय सुजतात, दम लागत नाही. उलट, पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रियांच्या अभ्यासात शेतात राबणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या कृश बायकांची बाळे अधिक लहान आढळली. म्हणून हा सल्ला सरसकट सगळ्यांना वाटू नये. रक्तस्राव, खाली सरकलेली वार, अतिरक्तदाब किंवा तीव्र रक्तक्षय असल्यास व्यायाम डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.

या सगळ्याचा उपयोग किती, याचे उत्तर माफक आहे. ब्रिटनमधील ‘अपबीट’ चाचणीत (२०१५) १,५५५ स्थूल गरोदर स्त्रिया होत्या. आहार-व्यायामाच्या मार्गदर्शनाने त्यांची वजनवाढ घटली, पण मधुमेहाचे प्रमाण घटले नाही. २०१७ साली ३६ चाचण्यांतील साडेबारा हजार स्त्रियांची माहिती एकत्र केली गेली, तेव्हा वजनवाढीत सरासरी ७०० ग्रॅमचा फरक आणि सिझेरियनमध्ये थोडी घट दिसली. काही आठवड्यांच्या सल्ल्याने वर्षानुवर्षांची चयापचयाची घडण बदलत नाही. खरी संधी दिवस जाण्याआधीची असते.

भारतात पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर तपासतात, १४० मिग्रॅ. किंवा अधिक आल्यास तो गरोदरपणातील मधुमेह. आधी दोन आठवडे आहार-व्यायाम, त्याने भागले नाही तर औषध, असा क्रम आहे. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ही तपासणी पुन्हा करायची असते, आणि तीच राहून जाते. बाई माहेरी असते, डिंकाचे लाडू चालू असतात, सगळ्यांचे लक्ष बाळाकडे असते. बाळाच्या सहाव्या आठवड्याच्या लशीसाठी दवाखान्यात जावेच लागते. त्याच फेरीत आईचीही साखर तपासून घ्यावी.