यांत्रिक कळफलक स्विच व त्याची दुरुस्ती

संगणकाच्या कळफलकावरील प्रत्येक कळेखाली बसविलेली, कळ दाबताच विद्युत् मंडल पूर्ण करणारी व बोट उचलताच स्प्रिंगच्या जोरावर पूर्वस्थितीत येणारी स्वतंत्र प्रयुक्ती. ‘यांत्रिक’ हे विशेषण तिला पुढे रबरी घुमटांचे स्वस्त कळफलक प्रचारात आल्यावर, केवळ फरक दाखविण्यासाठी लागले. या प्रयुक्तीचा इतिहास सामान्यतः तिच्या निर्मात्यांच्या अंगाने सांगितला जातो; परंतु अडकलेली कळ कोणी, कशाने व किती खर्चात मोकळी करावयाची, या प्रश्नानेही तिच्या रचनेला वेळोवेळी वळण दिलेले आहे.

कळ अडकणे हा दोष संगणकाहून जुना आहे. अमेरिकेत १८७४ मध्ये रेमिंग्टन कारखान्याचे टंकलेखन यंत्र विक्रीस आले, तेव्हापासून टंकदांड्या एकमेकींत गुंतणे किंवा आपल्या खाचेत रुतून बसणे ही नित्याची तक्रार होती. खाचांत खोडरबराचा भुगा, शाईचा चिकटा व सुकलेले तेल साचे. अनुभवी कारागीर तेथे तेल न घालता पेट्रोलासारख्या उडून जाणाऱ्या द्रवाने खाचा धूत, कारण तेल काही दिवसच कळ हलकी करते व नंतर धूळ धरून तिला पूर्वीपेक्षा घट्ट बसविते. मुंबईच्या गोदरेज अँड बॉइस कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र तयार केले आणि २००९ मध्ये हे उत्पादन थांबविले. या अर्धशतकात कचेऱ्यांतील यंत्रे चालती ठेवणाऱ्या कारागिरांचा एक वर्गच शहरोशहरी उभा राहिला. नव्या यंत्राची किंमत एकीकडे व धुण्या-पुसण्याची मजुरी दुसरीकडे, असा हिशेब असल्याने दुरुस्ती हाच स्वाभाविक मार्ग होता.

इलेक्ट्रॉनीय कळफलकात टंकदांडी गेली, पण हलणारा दांडा राहिलाच. विद्युत् संपर्क झिजतात व मळतात, म्हणून तो टाळण्याचे प्रयत्न आरंभीच झाले. हनीवेल कंपनीच्या मायक्रो स्विच विभागाने १९६८ च्या सुमारास हॉल परिणामावर चालणारा, चुंबकाच्या हालचालीने संकेत देणारा स्विच आणला. आय. बी. एम. कंपनीने रिचर्ड हॅरिस यांच्या १९७८ च्या एकस्वानुसार दाबाखाली एका बाजूस वाकणारी स्प्रिंग वापरली. १९८१ च्या वैयक्तिक संगणकासोबत आलेल्या कळफलकात ही स्प्रिंग विद्युत् धारिता बदलून संकेत देत असे. त्यानंतरच्या ‘मॉडेल एम’ या कळफलकात खर्च कमी करण्यासाठी धारितेऐवजी पटलांचा उपयोग करण्यात आला आणि संपूर्ण जोडणी प्लॅस्टिकच्या रिव्हेटांवर सोपविली गेली. रिव्हेट कालांतराने तुटतात. ते छाटून त्यांच्या जागी बारीक स्क्रू व चाक्या बसविण्याची पद्धत वापरणाऱ्यांनीच रूढ केली. काम कंटाळवाणे आहे, पण मूठभर स्क्रूंत तो कळफलक पुन्हा अनेक वर्षे चालतो.

आज ज्या स्विचाची दुरुस्ती सर्वाधिक होते, तो ‘एम एक्स’ स्विच जर्मनीतील चेरी कंपनीने १९८० नंतरच्या काही वर्षांत विकसित केला. त्याची रचना साधी आहे : खालचे घर, वरचे झाकण, अधिकच्या चिन्हाचा शेंडा असलेला प्लॅस्टिकचा दांडा, स्प्रिंग आणि दोन संपर्क पत्र्या. कळ वर असताना दांड्याचा पाय हलत्या पत्रीला दूर सारून धरतो, कळ सु. २ मिमी. खाली गेली की पत्री मोकळी होऊन दुसरीस टेकते. दांड्याची एकूण हालचाल सु. ४ मिमी. असते. या रचनेमुळे बिघाड दोन प्रकारचे होतात व ते वेगळे ओळखणे आवश्यक असते. कळ वरच येत नसेल, तर दोष दांडा, स्प्रिंग किंवा टोपीत असतो. कळ वर येते पण अक्षर उमटत नाही किंवा दोनदा उमटते, तेव्हा दोष पत्र्यांत असतो. मोकळ्या पट्टीसारख्या लांब कळांच्या बाबतीत मात्र स्विच निर्दोष असून तिच्या दोन टोकांना आधार देणारी तार वाकलेली, किंवा तिचे वंगण घट्ट झालेले आढळते. टोपी काढून उघडा दांडा दाबून पाहिला की हा उलगडा होतो. अनेक स्विच या साध्या परीक्षेअभावी विनाकारण बदलले जातात.

कळ रुतण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे सांडलेला गोड चहा किंवा शीतपेय. यावर आयसोप्रोपिल अल्कोहॉलाचे काही थेंब सोडून दांडा पन्नासेक वेळा दाबावा, असा उपाय सर्रास सांगितला जातो. तो अर्धाच खरा आहे. अल्कोहॉल धूळ व तेलकटपणा काढते, पण साखर शुद्ध अल्कोहॉलात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून स्विच तात्पुरता हलतो आणि दोन दिवसांनी पुन्हा चिकटतो. औषधविक्रेत्याकडील ७० टक्के विद्राव अशा वेळी अधिक उपयोगी पडतो, कारण त्यातील उरलेले पाणीच साखर विरघळविते. कळफलक आधी संगणकापासून सोडवावा लागतो आणि पूर्ण वाळेपर्यंत जोडता येत नाही. ॲसिटोन प्लॅस्टिक विरघळविते. यंत्रांवर फवारावयाची तेले तर टंकलेखन यंत्राच्या काळापासूनच अपायकारक ठरलेली आहेत.

इतक्याने भागले नाही, तर स्विच उघडावा लागतो. झाकणाच्या चार पकडी बारीक पात्याने किंवा वाकविलेल्या कागदी टाचणीने सैल करता येतात. मात्र धातूच्या पत्र्यात घट्ट बसविलेला स्विच अनेकदा डाख काढल्याशिवाय उघडत नाही. साधे सोल्डरिंग आयर्न व डाख शोषणारा हातपंप एवढ्या सामग्रीवर हे काम होते. बदली स्विचही विकत न घेण्याची एक युक्ती प्रसिद्ध आहे : क्वचितच वापरल्या जाणाऱ्या ‘स्क्रोल लॉक’ कळेचा स्विच काढून अडलेल्या अक्षराखाली बसवावयाचा व बिघडलेला तिच्या जागी टाकावयाचा. ज्याच्याजवळ एकच कळफलक आहे, त्याच्यासाठी यापेक्षा काटकसरीचा उपाय नाही.

१९९० नंतरच्या दशकात संगणकांच्या किंमती उतरल्या, तसे रबरी घुमट व मुद्रित पटलाचे कळफलक सर्वत्र पसरले. ते पुसता येतात, परंतु पटलावरील वाहक रेघ तुटली तर बहुधा संपूर्ण कळफलक टाकावा लागतो. नवा इतका स्वस्त, की कारागिराची मजुरीच महाग पडते. महाग यंत्रांतही हीच वृत्ती शिरली. ॲपल कंपनीने २०१५ मध्ये आणलेल्या ‘फुलपाखरू’ रचनेच्या पातळ कळा धुळीच्या कणाने अडकत, आणि कळफलक यंत्राच्या वरच्या कवचाशी एकजीव असल्याने एका कळेपायी ते संपूर्ण कवच बदलावे लागे. कंपनीला २०१८ मध्ये विनामूल्य दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली. २०१९ पासून तिने ही रचना सोडली, आणि २०२२ मध्ये ग्राहकांचा दावा ५ कोटी डॉलरांवर मिटविण्यात आला. त्याच वर्षी भारताच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली. यूरोपीय संघाचा २०२४ चा दुरुस्तीविषयक निर्देश धुलाईयंत्रे, भ्रमणध्वनी इत्यादींना लागू आहे. त्याच्या यादीत कळफलक नाहीत.

चेरीच्या मूळ एकस्वांची मुदत संपल्यावर चीनमधील कैह्ल, गॅटेरॉन, औटेमू इ. उत्पादकांनी तशाच मापाचे स्विच स्वस्तात बाजारात आणले. त्यातूनच डाख न देता स्विच खोचता व उपटता येईल अशा खोबणीचे कळफलक निघाले. त्यांत अडकलेला स्विच एका चिमट्याने मिनिटभरात बदलता येतो. मात्र खोचताना पिन वाकली अथवा घाईने तिरका दाब दिला, तर खोबणी मंडलफलकापासून उखडते, आणि मग सोल्डरिंग आयर्न पुन्हा हाती घ्यावेच लागते.