राणीबागेत जायचंय? पेंग्विन शेवटी बघा

बुधवार सोडून कुठलाही दिवस धरा. त्या दिवशी बाग बंद असते आणि शेजारचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही. भायखळा स्टेशनवर पूर्वेला उतरा, पुढे चालत जाता येतं. आता गंमत अशी, की भेटीचा प्लॅन बहुतेक जण पिंजऱ्यांच्या हिशेबाने करतात. नावातही 'वनस्पती उद्यान' आधी येतं आणि 'प्राणिसंग्रहालय' नंतर. इतिहासातला क्रमही तोच.

मुळात ही बाग भायखळ्याची नाहीच. ॲग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटीची आधीची बाग शिवडीला होती. ती जागा पुढे दफनभूमीसाठी गेली. भायखळ्याची बाग 1862 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या नावाने सुरू झाली, म्हणून ती राणीची बाग. सोसायटीचं दिवाळं निघाल्यावर 1873 मध्ये ती महापालिकेकडे आली. प्राणी त्यानंतरचे.

इथून पुढे तर मुंबईने नको झालेलं, हलवावं लागलेलं बरंच काही इथे आणून ठेवलं. संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्ती बघा. पोर्तुगिजांनी घारापुरीला 'एलिफंटा' म्हटलं ते याच्यामुळे. 1864 मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना तो कोसळून फुटला. तुकडे इथे आले आणि 1914 मध्ये जोडले गेले. 'काळा घोडा' या भागाला नाव देणारा खरा पुतळाही 1965 पासून इथेच आहे. घोडा भायखळ्याला, नाव फोर्टात!

झाडांवर मात्र वेळ काढा. आफ्रिकेची गोरखचिंच आहे, थेट खोडावर फुलणारा कैलासपती आहे. उर्वशी तर चुकवूच नका. हे म्यानमारचं झाड. शास्त्रीय नाव ॲमहर्स्टिया नोबिलिस, गव्हर्नर जनरल ॲमहर्स्ट यांच्या पत्नी आणि मुलीवरून दिलेलं. हिवाळा सरताना गेलात तर लाल फुलांचे लोंबते घोस दिसतील.

साधारण 2007 च्या सुमारास महापालिकेने प्राणिसंग्रहालय 'जागतिक दर्जाचं' करण्याचा आराखडा आणला. कागदावर झाडं म्हणजे जणू मोकळी जागा. तेव्हा काही मुंबईकर बायकांनी 'सेव्ह राणीबाग' मोहीम चालवली, झाडांची नोंद घेतली आणि प्रकरण वारसा समितीपर्यंत नेलं. तो आराखडा तसाच्या तसा पुढे गेला नाही. तीन हजारांहून जास्त झाडं असलेल्या बागेला आपण बाग आहोत हे सिद्ध करावं लागलं, हे मला अजून पचत नाही.

पेंग्विन 2016 मध्ये सोलहून आले. जात हम्बोल्ट, मूळ गाव पेरू-चिलीचा किनारा. म्हणजे तेही इथल्या झाडांसारखे परगावचेच, फक्त त्यांना एसी लागतो. त्यांच्याकडे दुपारी जा, उन्हात बरं वाटेल. गोरखचिंचेचं खोड मात्र सकाळीच बघून घ्या, तेव्हा गर्दी कमी असते.