जातीचे नाव कोणी घ्यावे : सातारा-सांगलीचा अनुभव

सातारा आणि सांगली भागात जातीचे नाव गावकीतले काम सांगत असे, गावकुसाबाहेरची जागा सांगत असे आणि भांडणात तेच शिवी होत असे. महारवाडा, मांगवाडा, रामोशीवाडा ही नावे सरकारी दप्तरातही तशीच उतरली. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जातींच्या नावाला चोरीचा शिक्काही जोडला. मुंबई इलाख्यात तो १९११नंतर लागू झाला आणि १९५२ साली देशभर रद्द झाला. दप्तरातला शिक्का पुसला गेला, फौजदाराच्या आणि पाटलाच्या तोंडचा मात्र लवकर गेला नाही. वाळवा तालुक्यातील वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी ‘फकिरा’मध्ये (१९५९) मांग समाजातला बंडखोर नायक केला आणि ती कादंबरी डॉ. आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली, ती याच शिक्क्याला उत्तर म्हणून वाचावी लागते.

दुसऱ्याने दिलेले गोड नावही स्वीकारायचे की नाही, हा वाद १९३८ साली मुंबई विधिमंडळात झाला. ‘हरिजन’ हे नाव कायद्यात घालण्याला आंबेडकर आणि भाऊराव गायकवाड यांनी विरोध केला आणि त्यांच्या पक्षाने सभात्याग केला. अपमान करण्याचा हेतू नव्हता, ही सबब त्यांना पुरेशी वाटली नाही. ज्याचे नाव, त्याला विचारले नव्हते.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांशी तुलना इथे नवी नाही. खटाव तालुक्यातील कटगुण हे ज्यांचे मूळ गाव, त्या जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली होती. तिकडे ‘निग्रो’ टाकून ‘ब्लॅक’ हे नाव अभिमानाने घेतले गेले, त्याच सुमारास इकडे ‘दलित’ रुजला. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने ब्लॅक पँथरचे नाव उघडपणे घेतले. तिच्या १९७३च्या जाहीरनाम्यात दलित म्हणजे केवळ अनुसूचित जाती नव्हत्या. भूमिहीन शेतमजूर, कामगार, स्त्रिया, सारे शोषित त्यात होते. ही व्याख्या सर्वांना पटली नाही. बौद्ध ओळख आणि मार्क्सवादी मांडणी यांच्या ओढाताणीत राजा ढाले आणि नामदेव ढसाळ यांची फारकत झाली.

साहित्याने वेगळाच मार्ग धरला. आटपाडीच्या शंकरराव खरात यांनी आत्मकथनाला ‘तराळ-अंतराळ’ हे नाव दिले. तराळकी हे महारांचे गावकीतले काम. फलटण तालुक्यातील सोमंथळीच्या लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले आणि त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हिणवणारी नावे लेखकांनी स्वतःच मुखपृष्ठावर लावली. अशा आत्मकथनांवर खुद्द समाजातून आक्षेप घेतले गेले, हेही खरे. पण लेखकाने स्वतःला ‘उपरा’ म्हटले म्हणून वाचकाला ते म्हणण्याची मुभा मिळाली नाही. अमेरिकेत काळ्या माणसाने काळ्याला उद्देशून वापरलेला शब्द गोऱ्याच्या तोंडी शिवी ठरतो, तो याच कारणाने.

कायद्याने हा भेद लिहून काढला. १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातीतील व्यक्तीचा लोकांसमोर अपमान करणे गुन्हा आहे, पण तो करणारा त्या जाती-जमातींबाहेरचा असला तरच. २०१५च्या दुरुस्तीने जातीचे नाव घेऊन शिवीगाळ करण्याचे कलम वेगळे घातले. डिसेंबर २०२०मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला; समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे सुचवली गेली.

मग आतला कोण आणि बाहेरचा कोण? २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने आंतरजातीय विवाहातील मुलांच्या बाबतीत बापाची जात हाच अंतिम निकष मानला नाही. मूल कोणत्या समाजात वाढले, त्याने तिथला अपमान आणि वंचितपणा भोगला का, हेही पाहावे लागेल असे ठरवले. अनुसूचित जातींच्या यादीला मात्र भोगलेले दिसत नाही, जिल्हा दिसतो. माने यांचा कैकाडी समाज विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जातीत मोडतो. साताऱ्यात आणि सांगलीत तो विमुक्त जातींमध्ये गणला जातो. त्यामुळे त्याच शिवीसाठी नागपूरच्या कैकाड्याला अत्याचार कायद्याचे दार उघडे असते, फलटणच्या कैकाड्याला नसते.