हर-टू प्रथिन आणि स्तनाचा कर्करोग

स्तनातील गाठीचा तुकडा तपासल्यावर प्रयोगशाळेकडून जो अहवाल येतो, त्यात 'ईआर', 'पीआर' आणि 'हर-टू' अशी तीन नावे असतात. तुये, मांद्रे किंवा डिचोलीतील एखाद्या घरी हा कागद पोहोचतो, तेव्हा बहुतेकांची नजर 'कर्करोग' या एकाच शब्दावर खिळते. पुढील उपचार कोणते, हे मात्र बव्हंशी या तीन नावांसमोरील नोंदींवरून ठरते. ही तिन्ही पेशींतील संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनांची नावे होत. त्यांपैकी हर-टू या प्रथिनाची ही ओळख.

पेशीला संदेश कसा मिळतो

निरोगी पेशी वाढीचा संदेश मिळाल्याखेरीज सहसा विभागत नाही. हा संदेश 'वृद्धिघटक' नावाची प्रथिने आणतात. वृद्धिघटकांच्या शोधासाठी स्टॅन्ली कोहेन आणि रिटा लेव्ही-मोंतालचिनी यांना १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीच्या पृष्ठभागावर 'ग्राही' प्रथिने असतात. त्यांचे एक टोक बाहेर आणि दुसरे पेशीच्या आत असते. वृद्धिघटक बाहेरच्या टोकाला जोडला गेला की दोन ग्राहींची जोडी जमते आणि आतील टोकांवर फॉस्फेटचे गट बसवले जातात. ही खूण ओळखून आतील प्रथिने एकामागून एक कार्यान्वित होतात. रास, राफ, मेक आणि अर्क या साखळीतून विभाजनाचा आदेश केंद्रकापर्यंत पोहोचतो. पीआय-३-के आणि एकेटी यांची दुसरी साखळी पेशीला मरणापासून वाचवते.

काम झाले की हे संदेश थांबावे लागतात. खाजनातील मानशीचे दार भरतीच्या वेळी मिटते म्हणून शेत खाऱ्या पाण्यापासून वाचते. ते उघडेच अडकले तर पीक जाते. पेशीतही संदेश थांबवणारी व्यवस्था असते. पी-५३ सारखी प्रथिने सदोष पेशीचे विभाजन रोखतात. वाढीचा संदेश अखंड चालू राहिला आणि रोखणारी प्रथिने निकामी झाली, तर पेशींची अनिर्बंध वाढ होऊ लागते.

हर-टूचे वेगळेपण

हर-टू हा चार ग्राहींच्या एका कुटुंबातील सदस्य आहे. त्याला थेट जोडला जाणारा वृद्धिघटक आढळलेला नाही. तो इतर भावंडांशी जोडी जमवण्यास सदैव सज्ज असतो. त्याचे जनुक सतराव्या गुणसूत्रावर असते. सामान्य पेशीत त्याच्या दोन प्रती असतात. काही कर्करोगांत त्या कितीतरी पटींनी वाढतात. मग पेशीवर हर-टूची दाटी होते आणि वाढीचा संदेश थांबेनासा होतो. स्तनाच्या दर शंभर कर्करोगांपैकी साधारण १५ ते २० या प्रकारचे असतात. ते वेगाने वाढतात. या दोषाचे नेमके स्थान कळल्यामुळेच त्यावर नेमके औषध तयार करता आले.

औषधे

ट्रास्टुझुमॅब हे प्रतिपिंड हर-टूच्या बाहेरील भागाला चिकटून संदेश रोखते, तसेच रोगप्रतिकारक पेशींना त्या पेशीकडे आकृष्ट करते. अमेरिकेत त्याला १९९८ साली मान्यता मिळाली. २०१२ मध्ये मान्यता मिळालेले पर्टुझुमॅब हर-टूच्या वेगळ्या भागाला चिकटते आणि त्याची जोडी जमू देत नाही. म्हणून अनेकदा ही दोन्ही औषधे केमोथेरपीसोबत एकत्र देतात. ती महाग आहेत. त्यामुळे गोवा शासनाने बांबोळी येथील गोमेकॉत हर-टू सकारात्मक रुग्णांसाठी या दोहोंचे एकत्रित इंजेक्शन मोफत देण्याची योजना सुरू केली, ही सामान्य कुटुंबांच्या दृष्टीने महत्त्वाची बाब होय.

अहवाल कसा वाचावा

हर-टूची नोंद ०, १+, २+ किंवा ३+ अशी असते. ३+ म्हणजे सकारात्मक. ०आणि १+ या नोंदी नकारात्मक धरल्या जातात. २+ ही संदिग्ध नोंद असून त्यानंतर जनुकाच्या प्रती मोजणारी 'फिश' चाचणी करावी लागते. ही चाचणी राहून गेली, तर उपयुक्त ठरू शकणारे औषध रुग्णाला मिळतच नाही. नकारात्मक नोंदीचा अर्थ उपचार नाहीत असा होत नाही. ईआर सकारात्मक असल्यास टॅमॉक्सिफेनसारखी संप्रेरकविरोधी औषधे उपयोगी पडतात. हर-टूवरील औषधांचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून उपचारापूर्वी आणि उपचारादरम्यान इको तपासणी करतात. आरंभीच्या टप्प्यातील रोगात ही इंजेक्शने साधारण तीन आठवड्यांच्या अंतराने सुमारे वर्षभर चालतात. बरे वाटू लागले म्हणून ती मध्येच सोडू नयेत.

पहिली पायरी

हे सारे उपचार गाठ वेळेत दाखवली तरच पुरते फळ देतात. स्तनाची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही आणि न दुखणारी गाठ निरुपद्रवी असते, या समजुतीने अनेक स्त्रिया महिनोन्‌महिने गप्प राहतात. राज्यात २०२१ साली सुरू झालेल्या 'स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा' उपक्रमाचा भर याच प्राथमिक तपासणीवर आहे. पेडणे तालुक्यातील महिलांना त्यासाठी तुये येथील आरोग्य केंद्र जवळचे आहे. गाठ, त्वचेवर पडलेली खळी, आत ओढले गेलेले स्तनाग्र किंवा त्यातून येणारा रक्तमिश्रित स्राव दिसल्यास तेथे दाखवावे. पुढे तुकडा तपासण्याची वेळ आलीच, तर अहवाल हाती घेताना डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारावा : हर-टूची नोंद काय आहे?